आधी नाणी, मग लेन्स

परवा पुन्हा तोच फोन. एका मित्राच्या वडिलांच्या कपाटात जुन्या नाण्यांची पुरचुंडी सापडली. "तुला कॅमेऱ्यातलं कळतं, तर सांग, नाण्यांच्या फोटोंसाठी लेन्स कुठली घेऊ? शंभरची मॅक्रोच घे म्हणतात सगळे. दिवाळीच्या बोनसनंतर घेईन म्हणतो."

मी विचारलं, "नाणी किती आहेत?" मोजली नव्हती. "वजन केलंस?" नाही. "आत्ता कॅमेरा आहे का?" आहे, जुना डीएसएलआर, सोबत आलेल्या अठरा-पंचावन्न लेन्ससकट. "मग आज रात्रीच काढ." त्यावर तो मोठ्याने हसला. मी त्याची फिरकी घेतोय असं वाटलं त्याला.

फिरकी नव्हती, मंडळी. ही पोस्ट जरा रागातच लिहितोय, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त राग माझा माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून टाकतो. घरच्यांना पुढची गोष्ट माहीत आहे. तरी त्यांनीही वाचावी. काकूला अजून वाटतं की मी तिच्यावर रागावलोय. काकू, तुझ्यावर नाही गं.

तर गोष्ट अशी. आमच्या आजोबांचं वाईला किराणा दुकान होतं. त्यांनी एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुनी नाणी ठेवली होती. कुठल्या मोठ्या संग्राहकाचा वगैरे आव नाही, गल्ल्यात येत गेली, कोणी उधारीपोटी दिली, ती टाकत गेले डब्यात. एकतीस शिवराया, नऊ राणीछाप आणि राजाछाप रुपये, आणि काही ढब्बू पैसे. २०१८ च्या दिवाळीत डबा उघडला आणि मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "या सगळ्यांचे नीट फोटो काढून मी सगळ्यांना पाठवतो. फक्त चांगली मॅक्रो लेन्स येऊ दे."

माझ्या गळ्यात त्या वेळी कॅमेरा होता. त्याला अठरा-पंचावन्न लावलेली होती. त्याच दिवाळीत त्याच लेन्सने मी रांगोळीचे, फराळाच्या ताटांचे आणि आत्याच्या मांजराचे दीडशे फोटो काढले. नाण्यांचा एकही नाही. का, तर "या लेन्सने नाण्यांना न्याय मिळणार नाही"!! फोनवर एका शिवराईचा एक फोटो काढला, तोही दादाला न्यू जर्सीला दाखवायला म्हणून.

लेन्स यायला तीन वर्षं लागली. आधी पैसे नव्हते, मग पैसे होते तर नव्वदची घेऊ की शंभरची की एकशे पाचची हा घोळ, मग टाळेबंदी. त्या तीन वर्षांत मी मॅक्रो लेन्सवर इतकं वाचलं की पुस्तक लिहिलं असतं. डबा मात्र काकूच्या कपाटात होता तिथेच होता.

२०२१ च्या शेवटी नवी कोरी नव्वदची मॅक्रो घेऊन मी वाईला पोचलो. काकूने हसत हसत ताट पुढे केलं. "तू फोटो काढणार ना, म्हणून चकचकीत करून ठेवल्यात बघ." चिंच लावून, राखेने, नारळाच्या शेंडीने एकतीसच्या एकतीस शिवराया तिने देवाच्या भांड्यांसारख्या लखलखीत घासल्या होत्या. नऊ रुपयांपैकी चार मुंजीत नातवंडांच्या हातावर गेले होते आणि तीन सोनाराकडे देऊन त्यांचं निरांजन झालं होतं.

मी फोटो काढले. नव्या लेन्समधून मला काय दिसलं सांगू? शेंडीचे ओरखडे. एकेक ओरखडा सुरेख, स्पष्ट, धारदार.

*

आता मुद्द्यावर येतो. शिवराईची गंमत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिवाजीमहाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकापासूनचं हे तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला दोन ओळींत "छत्र पति". ते पुढे इतक्या काळात आणि इतक्या ठिकाणी पाडलं गेलं की पेशवाई संपल्यावरही लोकांच्या हातात फिरत होतं. त्यामुळे दोन शिवराया सारख्या नसतात. कुठे "शिव", कुठे "सिव". कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ. मागच्या बाजूला दोन ओळींमध्ये दोन आडव्या दांड्या असल्या की ती दुदांडी. शिवाय ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून बहुतेक नाण्यांवर अर्धी अक्षरं बाहेरच गेलेली असतात. जे उरलंय त्यातल्या एखाद्या टिंबावरून, एका वेलांटीवरून अभ्यासक ठरवतात की हे नाणं कुठल्या गटातलं.

शेकडो वर्षं हाताळून झिजलेल्या नाण्यावर ही अक्षरं वाचता येतात ती मुख्यतः काळपटपणामुळे. खोलगट जागी काळं बसलेलं, उंचावर तांबूस. तो फरक म्हणजेच अक्षर. चिंचेने नेमका तोच फरक जातो. आमच्या डब्यातल्या एका शिवराईवर मला "सिव" वाचल्याचं आठवतंय. आज ते नाणं हातात घेतलं तर ते "सि" आहे की "शि", छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. फोनवरचा तो एकुलता एक फोटो आहे ना, तो याच नाण्याचा. त्यात फोनने आपल्या अकलेने दाणे पुसलेत आणि कडा धारदार केल्यात. मोठा करून पाहिला की अक्षराच्या जागी मेणासारखा एक गुळगुळीत फुगवटा दिसतो.

म्हणजे आजोबांच्या डब्याचा जो काही अभ्यास व्हायचा होता, तो झालाच तर आता माझ्या आठवणीवर. आणि माझी आठवण म्हणजे... बायकोला विचारा.

*

म्हणून माझं भांडण दोन्ही पंथांशी आहे. एक पंथ म्हणतो, "शंभरची मॅक्रो नसेल तर नाण्यांच्या वाटेला जाऊ नये." दुसरा म्हणतो, "हल्लीच्या फोनपुढे लेन्सबिन्स सब झूठ."

पहिल्यांचं आधी घेऊ, कारण मी त्यांच्यातलाच होतो. त्यांचा मंत्र म्हणजे "वन इज टू वन", म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर. ऐकायला भारी वाटतं. पण हिशोब करा की राव! व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया साधारण साडेतीस मिलिमीटर रुंद. सर्वसाधारण डीएसएलआरच्या एपीएस-सी सेन्सरची उंची जेमतेम सोळा मिलिमीटर. म्हणजे वन इज टू वनला तुमचा अख्खा रुपया चौकटीत मावतच नाही! तो पुरता बसवायचा तर निम्म्या आकारातच घ्यावा लागतो. दोन रुपयांचं नाणं, २०११ च्या मालिकेतलं, पंचवीस मिलिमीटर. तेही वन इज टू वनला बाहेर सांडतं. त्या मापाची गरज पडते ती नाण्याचा एखादाच तुकडा दाखवायचा असेल तेव्हा, किंवा दक्षिणेतल्या चिमुकल्या फणमांसारखी नाणी असतील तेव्हा. आमच्या घरात फणम नव्हते, तुमच्याही बहुधा नसतील.

आता त्या बिचाऱ्या अठरा-पंचावन्नचा हिशोब. पंचावन्नवर ठेवून जवळात जवळ नेली की ती वस्तूच्या साधारण तीन-दशांश आकाराची प्रतिमा देते. म्हणजे रुपया सेन्सरवर सुमारे नऊ मिलिमीटर. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात सेन्सरच्या उंचीत चार हजार पिक्सेल असतात. नऊ मिलिमीटर म्हणजे झाले की तेवीसशे पिक्सेल एका रुपयाला! माझ्याकडच्या शिवराया साधारण वीस मिलिमीटरच्या, त्यांना पंधराशे. पुस्तकात तळहाताएवढी छापली तरी पुरेल इतकी माहिती. ही लेन्स २०१८ साली माझ्या गळ्यात लटकत होती, मंडळी. न्याय मिळणार नाही म्हणे!

वर आणखी एक गंमत. जितकं मोठं करून घ्याल तितकी फोकसची खोली कमी. निम्म्या आकारात एफ/८ ला जेमतेम दोन मिलिमीटर खोली मिळते. कॅमेरा तीन अंशांनी तिरका असला तर रुपयाची एक कड दुसरीपेक्षा दीड मिलिमीटर दूर जाते. मग अर्धा राजा स्पष्ट, अर्धा धुक्यात. बरं, खोली वाढवायला एफ/२२ करावं, तर सगळंच मऊ होतं. कारण जवळून फोटो घेताना छिद्र लिहिलंय त्याहून लहान असल्यासारखं वागतं. वन इज टू वनला एफ/८ चं प्रत्यक्षात एफ/१६ होतं. अठरा-पंचावन्नवर हे सगळे त्रास कमी, कारण ती मुळात तेवढं मोठं करतच नाही.

(हिशोबाने डोकं उठलं असेल तर चहा घेऊन या. पुढे सोपं आहे.)

आता दुसरा पंथ, फोनवाले. फोनने फोटो काढूच नये असं मी म्हणत नाही. काहीच नसण्यापेक्षा फोन हजारपट बरा. पण फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची, त्यामुळे नाणं मोठं दिसावं म्हणून तुम्ही फोन पार त्याच्या नाकाशी नेता आणि फोनची सावली पडते नेमकी नाण्यावर. मग लोक फ्लॅश मारतात. मग नाण्याच्या जागी पांढरा सूर्य दिसतो. आणि त्याहून वाईट म्हणजे फोन जे दिसतं ते तसंच न ठेवता "सुंदर" करतो. मांजराच्या फोटोत ते चालतं. जिथे एका वेलांटीवर सगळं अवलंबून आहे तिथे नाही. फोनच वापरायचा असेल तर थोडा लांब धरा, दुप्पट-तिप्पटची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा, कशावर तरी टेकवून ठेवा, आणि जमत असेल तर रॉ फाइल ठेवा.

*

मग चांगल्या लेन्सचा उपयोगच नाही का? आहे. पण लोक सांगतात तो नाही. मॅक्रो लेन्सला पैसे मोजता तेव्हा त्यातले बरेचसे तुम्ही अंतरासाठी मोजत असता. निम्म्या आकारात नाणं घ्यायचं तर साध्या हिशोबाने पन्नासच्या लेन्सचा मध्य नाण्यापासून पंधरा सेंटिमीटरवर येतो आणि शंभरच्या लेन्सचा तीस सेंटिमीटरवर. (हल्लीच्या आतल्या आत फोकस होणाऱ्या लेन्समध्ये हे अंतर थोडं कमी भरतं.) लेन्स आणि नाणं यांच्यामधल्या या मोकळ्या जागेतूनच दिव्याचा उजेड आत शिरतो. जागा नसेल तर लेन्सचीच सावली पडते. बस्स, शंभरच्या लेन्सचा मोठेपणा एवढाच. स्पष्टतेत म्हणाल तर साठची असो की नव्वदची की शंभरची, मला तरी वाईट मॅक्रो लेन्स अजून भेटलेली नाही.

खरं काम करतो तो उजेड. जुन्या काळी संग्रहालयांच्या सूचींसाठी नाण्यांचे प्लास्टरचे साचे करून त्यांचे फोटो काढत. का? तर धातूची चमक लेन्सला फसवते, प्लास्टर फसवत नाही. त्या लोकांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं की अडचण काचेत नाही, चमकेत आहे. आपण मात्र काचेवर काच विकत घेतोय.

तर ज्याला विचारायचंय त्याच्यासाठी माझं उत्तर असं. जवळ जी लेन्स आहे ती लावा. कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून लावा. नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की कॅमेरा सरळ. (ही युक्ती फुकट आहे आणि पन्नास हजारांच्या लेन्सपेक्षा जास्त फरक पाडते.) खोलीतली ट्यूब बंद, खिडकी बंद, एकाच जातीचे दोन टेबललॅम्प. मुख्य दिवा वरच्या डाव्या बाजूने. उजेड खालून आला तर उठावाची अक्षरं डोळ्याला खोदल्यासारखी वाटतात. झिजलेल्या तांब्याला दिवा खाली, आडवा. चकाकत्या चांदीला वर, लेन्सच्या जवळ. पांढऱ्या कागदावर रंग जुळवून घ्या, नाहीतर तांबं नारिंगी दिसेल. एफ/८, दोन सेकंदांचा टायमर. दोन्ही बाजू घ्या. नाण्याशेजारी मोजपट्टी ठेवा. वजन मोजून लिहा, सोनाराकडचा काटा चालेल. नाण्याला हात लावायचा तो कडेला, आणि धुवायचं, पुसायचं, घासायचं काहीही नाही.

पन्नास नाणी झाली, उजेड कळला, आणि तरीही हात शिवशिवत असतील तर मग लेन्स घ्या. तेव्हाही आधी जुन्या बाजारातली हाताने फोकस करायची पंचावन्नची मायक्रो-निकॉर बघा. ती एकटी निम्म्या आकारापर्यंत जाते, म्हणजे अख्ख्या रुपयाला पुरेशी. निकॉनच्या साध्या बॉडीवर ती मीटर चालवत नाही, पण मॅन्युअलवर फोटो उत्तम येतो. नाण्यांना काही घाई नसते, ती हलत नाहीत, ऑटोफोकस हवाय कोणाला? लेन्स आणि नाण्याच्या मध्ये पंचेचाळीस अंशांत काच धरून चमकत्या नाण्यावर सरळ वरून उजेड पाडायचा असेल, तर मात्र नव्वद-शंभरची घ्या, कारण त्या काचेला जागा लागते. हे एक कारण मला पटतं. "सगळे म्हणतात" हे पटत नाही.

*

कोणी म्हणेल, एवढं काय, घरगुती डबा तर होता. शिवराया काय, जुन्या बाजारात आजही मिळतात. खरं आहे. पण आजोबांच्या डब्यातली कुठली मिळेल? आणि दुसरं असं की आमच्या घरात त्या नाण्यांवर हक्क सांगणारे सात जण आहेत. त्यातला दादा न्यू जर्सीला. तो दर फोनला म्हणायचा, "माझ्या वाट्याच्या दोन-चार शिवराया पुढच्या खेपेला बॅगेत घालून नेतो." दादा, नेता येत नाहीत रे. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि पुरावस्तू आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे तुझ्या वाट्याला येणार होता तो फोटोच. तुझा वाटा मी तीन वर्षं लेन्सच्या जाहिराती वाचत बुडवला. हे मी तुला फोनवर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितोय.

आणि काकू, तुझं काय चुकलं? घरातली तांब्याची वस्तू पाहुण्यापुढे ठेवायची तर घासून ठेवावी, हे तुला तुझ्या सासूने शिकवलं. नाण्यांचं वेगळं असतं हे तुला सांगायचं काम माझं होतं. मी २०१८ साली "हात लावू नका" एवढं एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं. पण मी बोलत होतो लेन्सबद्दल.

आता जे उरलंय ते. घासलेल्या एकतीस शिवराया आणि दोन रुपये यांचे फोटो, वजनं आणि मापं झाली आहेत. ज्याला हवीत त्याने मेल करावी, सगळ्या फाइली पाठवतो. मुंजीत ज्यांच्या हातावर रुपया पडला त्या चौघांनी (कोण ते तुम्हाला माहीत आहे) कृपा करून तो शोधा. खाऊच्या डब्यात असेल, दप्तरात असेल. सापडला की मला फोन करा. मी येईन. कॅमेऱ्याला अठरा-पंचावन्न लावून येईन.

आणि तो मित्र? त्याला मी काल पुन्हा फोन केला. "मोजलीस का?" म्हटलं. म्हणाला, "छप्पन्न आहेत. पण आई म्हणते आधी जरा स्वच्छ करू या..."

मी गाडी काढून थेट त्याच्या घरी गेलो.

ता. क. : चिंच वाचली. नाणीही वाचली. रात्री साडेअकरापर्यंत त्याच्या जुन्याच लेन्सने अठरा नाण्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो झाले. उरलेली रविवारी. लेन्सचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.